तापातलं लग्न

तिरेसाचं लग्न उद्यावर आलं होतं आणि तिचे वडील लाफाएले तीन चटयांखाली कुडकुडत पडले होते. मासे पकडताना प्रवाळावर पाय कापला, ते दुखणं त्यांनी अंगावरच काढलं. आता पाय टरारून सुजला होता आणि अंग तव्यासारखं तापलं होतं.

बायको माकेरिता घाबरली. लग्नाच्या जेवणासाठी आणलेल्या माशांच्या पेटीतला सगळा बर्फ उपसून तिनं नवऱ्याभोवती रचला.

लाफाएलेंचे दात कडाकडा वाजू लागले. "अगं, मी काय ट्यूना आहे?"

"गप पडा! जावई काय म्हणेल?"

"जावई म्हणू नकोस त्याला! गिटार वाजवत हिंडणारा तो उआती!"

एवढ्यात गावच्या नर्सबाई पेलेनिसे आल्या आणि दारातच थबकल्या. "माकेरिता, नवरा विकायला काढलास की काय?"

"ताप उतरवतेय."

"अगं, ताप त्यांच्या शरीरानंच चढवलाय. जखमेतून जंतू शिरलेत. अंग तापलं की जंतूंची वाढ मंदावते, रक्ताला त्यांच्याशी लढायला जोर येतो. तू गार करतेस म्हणून ते बिचारं ऊब आणायला आणखी कुडकुडतंय. काढ तो बर्फ!"

त्यांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं, शहाळ्याचं पाणी पाजत राहायला सांगितलं. बर्फ मात्र तोवर वितळून चटईत मुरला होता, आणि मासे उद्यापर्यंत टिकणार नव्हते.

"आजच भाजायचे, दुसरं काय!" म्हणत माकेरितानं दगड तापवायला घेतले. वास सुटला तशी माणसं जमू लागली. एकटं कोण येतंय! गाणारी मंडळी आली, पास्टरही आले. भरलेली पानं बघून ते म्हणाले, "जेवण आहे, पाहुणे आहेत, नवरा-नवरी आहेत. उद्याची वाट कशाला बघायची?"

बेटावरच्या सगळ्या घरांसारखे याही घराला नुसते खांब होते, भिंती नव्हत्याच. लाफाएलेंच्या अंथरुणासमोरच लग्न लागलं.

सकाळी लाफाएलेंना दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. ते बायकोला म्हणाले, "माझा कोट काढ, आज लग्न आहे. आणि ऐक, काय भलतं स्वप्न पडलं! मी त्या उआतीला मिठी मारली, वर 'तू माझाच मुलगा' म्हणत ढसाढसा रडलो. तापात माणूस काय काय बरळतो!"

माकेरिताच्या मागून उआती कोकोचा पेला घेऊन पुढे आला. त्याचे डोळे अजून लाल होते. "घ्या, बाबा."

लाफाएलेंनी त्याच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग पेला घेऊन एक घोट प्यायले.

"साखर कमी आहे," ते पुटपुटले, आणि चटईवर सरकून त्याला बसायला जागा केली.