माळ्यावरची घुबडं आणि वासुनाना

वासुनानांच्या कोटाच्या उजव्या खिशात तपकिरीची डबी असे आणि डाव्या खिशात घुबडाची ओकारी. घाईत कधी दोन्ही खिशांची अदलाबदल झाली तर काय, या विचारानं शाळेतला एकही मास्तर त्यांच्याकडची तपकीर ओढत नसे.

ओकारी म्हणजे तशी ओली-बिली नव्हे. घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं उरतात. त्यांचा गोळा करून ते तोंडावाटे बाहेर टाकतं. नाना हे वाळलेले गोळे गोळा करत आणि मनात येईल तिथं टाचणीनं उकलून दाखवत. लग्नाच्या पंगतीत दाखवत, पुण्याच्या मोटारीत शेजारच्या उतारूला दाखवत, आणि एकदा तर त्यांनी सासवडहून मुलगी दाखवायला आलेल्या पाहुण्यांपुढं चहाच्या बशीतच कवटी ठेवली. मुलगी नानांनाच दाखवायची होती. पाहुणे चहा न घेता गेले आणि नाना बिनलग्नाचे राहिले ते राहिलेच.

भोरच्या शाळेत ते भूगोल शिकवत आणि मी ड्रॉइंग. आमची घरं भिंतीला भिंत लागून. पुस्तकात पृथ्वीची आवरणं तीन होती : दगडमातीचं शिलावरण, पाण्याचं जलावरण, हवेचं वातावरण. नानांनी त्यात स्वतःचं चौथं घातलं होतं, जीवावरण. "हे तिन्ही जिथं एकमेकांत घुसतात ना, तिथं जी वळवळ, चिवचिव आणि खा-खा चाललीय, ते चौथं!" तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "आवरणं किती?" तर सगळा वर्ग गरजला, "चार!"

"तीन," साहेब म्हणाले.

नाना पुढं झाले. "मग त्या तिनात आपण कुठं बसता, साहेब? दगडात, पाण्यात की हवेत?"

साहेबांनी शेरा लिहिला, 'शिक्षक उद्धट. आवाज खणखणीत.' नानांनी त्यातलं फक्त दुसरं वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं.

सकाळी भेटले की नमस्काराऐवजी ते विचारत, "काय, कोण कुणाला खातंय?" माझी आई गावाहून आली तेव्हा तिलाही त्यांनी हेच विचारलं. आईला वाटलं, सासूसुनेची चौकशी चाललीय. "छे हो," ती म्हणाली, "सून गुणाची आहे."

एकदा त्यांनी माझ्याकडून वर्गाच्या भिंतीवर मोठं वर्तुळ काढून घेतलं. भात, भाताला लागणारा टोळ, टोळाला बेडूक, बेडकाला साप, पलीकडं उंदीर आणि त्याच्यावर झेपावणारं घुबड. "मेलं की सगळी परत मातीत आणि मातीतून परत भात," नाना म्हणाले. मी विचारलं, "माणूस कुठं काढू? मधोमध?"

"मधोमध कशाला? तो काय नवरदेव आहे? बेडकाशेजारी काढा."

काढला. नेमका तो हेडमास्तरांसारखा दिसायला लागला. त्यात माझा हेतू काही नव्हता.

हेडमास्तर आबासाहेब शाळेला लागूनच राहत. माणूस सज्जन, पण घरात आईपुढं तोंड उघडायची सोय नव्हती. त्यांची बायको इंदिराबाई. तिची दोन मुलं पाळण्यातच गेली होती आणि आता तिसऱ्या खेपेचे दिवस होते. नेमक्या त्याच वर्षी शाळेच्या माळ्यावर पांढऱ्या तोंडाच्या घुबडांनी पिल्लं काढली. आबासाहेबांच्या आईनं, माईंनी, पिल्लांची फुसफुस ऐकली आणि फर्मान सोडलं, "आजच्या आज धूर करा आणि मारून टाका."

धोंडिबा शिपाई शिडी, काठी आणि ओल्या गोवऱ्या घेऊन आला. बघतो तो शिडीच्या मधल्या पायरीवर नाना बसलेले.

"नाना, उतरा खाली. मला हुकूम हाय."

"वर पिल्लं आहेत, धोंडिबा."

"अपशकुनाची बी पिल्लं व्हत्यात व्हय? मंग तर आदीच मारली पायजेत. मोटी झाल्यावर लई अपशकुन करतील."

आबासाहेब आले. नानांनी खिशात हात घातला. आबासाहेब दोन पावलं मागं सरले.

"हेडमास्तर, पलीकडच्या वखारीत वेल्ह्याचा अख्खा तांदूळ येऊन पडतो. ही जोडी गेली तर उंदरांची पंगत बसेल. पुढच्या महिन्यात तुमच्या पानात काय वाढायचं, ते उंदीर ठरवतील."

"नाना, मला कळतं हो," आबासाहेब हळू आवाजात म्हणाले, "पण घरात बाई अवघडलेली आहे. उद्या काही कमीजास्त झालं तर?"

हा प्रश्न खरा होता. नानांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. धोंडिबानं काडी ओढली.

तेवढ्यात मागच्या दारातून इंदिराबाई आल्या. एवढ्या पुरुषांपुढं त्या कधी येत नसत. चेहरा उतरलेला, हात कमरेवर टेकलेला. त्यांनी विचारलं, "नाना, पिल्लं केवढी आहेत?"

"डोळे आत्ताशी उघडलेत, वहिनी. अंगावर नुसता कापूस आहे."

इंदिराबाईंनी वर बघितलं, मग धोंडिबाकडं. "गोवऱ्या घेऊन जा. माझ्या बाळाच्या नावानं कुणाची पिल्लं मारायची नाहीत."

शिडी गेली. पण त्या दिवसापासून आळीचा डोळा नानांवर होता. बाळाचं बरंवाईट झालं असतं तर आमच्या गावानं त्या माणसाला नीरा नदीत बुडवला असता. मी त्यांना एकदा म्हटलंही, "कशाला हा धोंडा ओढवून घेतलात? पक्षी ते पक्षी!" ते नेहमीसारखे बरळतील असं वाटलं होतं. नुसते म्हणाले, "नुसत्या तोंडाकडं बघून एखाद्याला अपशकुनी ठरवायचं, हे मला जमत नाही."

मग इंदिराबाईंना कळा सुरू झाल्या. दिवसभर नाना वर्गात होते, पण शिकवणं काही धड होईना. त्यांनी जलावरणात डोंगर घातले आणि वातावरणात मासे. संध्याकाळी धोंडिबा धावत आला. "पोरगी झाली! ठणठणीत हाय! लई कडक आवाज हाय नाना, तुमच्यावानी!" नानांनी हातातला खडू खिशात टाकला आणि तपकीर समजून तोच काढून हुंगला.

बारशाला सगळी आळी लोटली. बायका आत, आम्ही पुरुष ओसरीवर. नाना एकटेच आलेले पाहून इंदिराबाई दारात आल्या. "अक्का कुठंयत?"

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. लग्न काय असतं हे कळायच्या आत विधवा झालेली. आईबाप गेल्यावर तिनंच नानांना वाढवलं. आम्ही इतकी वर्षं शेजारी राहत होतो, पण तिला पुढच्या दारात उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. मंगलकार्याला तिला कुणी बोलवत नसे आणि तीही जात नसे.

"तिचं डोकं दुखतंय," नाना म्हणाले.

"नाही दुखत," इंदिराबाई म्हणाल्या आणि पायांत वहाणाही न घालता स्वतः गेल्या. थोड्या वेळानं अक्काला हाताला धरून घेऊन आल्या. आळीतल्या बायका पदर सावरून मागं सरकल्या. माईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात इंदिराबाईंनी त्यांच्या दोन्ही हातांत पेढ्यांचं भरलं ताट दिलं. ताट सांभाळत भांडता येत नाही.

मी शेजारी बघितलं तर नाना नव्हते. ते ओसरीच्या टोकाला, खांबाकडं तोंड करून उभे होते. मी जवळ गेलो.

"ती दारात आली की लोक परत फिरायचे हो," ते खांबालाच सांगत होते. "कामाला निघालेली मोठी मोठी माणसं. तिच्याकडं बघून थुंकायची. मी एवढासा होतो. ती मला म्हणायची, वासू, तू पुढं हो, मी मागच्या दारानं येते."



आत पाळणा सुरू झाला. आधी एकच आवाज, अक्काचा, कापरा, गंजलेल्या कडीसारखा अडखळणारा. मग तो मोकळा झाला. बाकीच्या बायका थोड्या थांबल्या आणि एकेक करून मागून म्हणू लागल्या.

नाना वळले. डोळे लाल झालेले. माझ्यावर खेकसले, "जरा गप्प बसा की, ऐकू द्या!"

मी काही बोलतच नव्हतो.