रत्नपाल सरांचा वर राहिलेला हात

कडुलिंबाची आडवी फांदी.

अठरा भागिले तीन.

शाळेचं ठरावबुक. पानांना नंबर, खाडाखोड बंद.

भालकीच्या डॉक्टरांचा सल्ला, अर्धाच ऐकलेला.

रविवार, कलबुर्गी, सकाळी नऊ.

हे पाच तुकडे ज्या माणसाच्या अंगावर दहा दिवसांत कोसळले, तो म्हणजे खटकचिंचोळीच्या शाळेतला गणिताचा मास्तर रत्नपाल. वय बेचाळीस. पोट असं, की सदऱ्याचं चौथं बटण रोज जीव मुठीत धरून कामाला यायचं. पण हिंमत? हिंमत पैलवानाची!

त्याची मुलगी स्नेहल नववीत. जिम्नॅस्टिक्स करते, आणि तिची कलबुर्गीला विभागीय स्पर्धा. मागच्या दोन्ही वर्षी रत्नपाल गेला नव्हता. एकदा निवडणुकीची ड्युटी, एकदा पेपर तपासणी. यंदा नवा नियम निघाला होता: फॉर्मवर ज्याची सही, त्याच पालकानं स्वतः येऊन पुन्हा सही करायची, नाहीतर मुलीला मॅटवर पाय ठेवू देणार नाहीत.

"येणार म्हंजे येणार!" रत्नपालनं छाती ठोकली. "आणि तसाच न्हाई यायचा. त्याच्या आधी रिंगांवर सरळ हातांनी अंग तोलून दाखवतो. तीस मोजेपर्यंत!"

"पप्पा, लगेच वर चढायचं न्हाई," स्नेहल म्हणाली. "आधी नुसतं लटकायचं. खांदे कानापासून खाली ओढायचे. आठवड्यातून तीनदा, असं सहा आठवडे. आणि दुखलं की थांबायचं."

तिनं ते कागदावर लिहूनही दिलं. कागद गणिताच्या मास्तराच्या हातात पडला, तिथंच घात झाला. सहा आठवडे गुणिले तीन, म्हणजे अठरा वेळा. दिवसातून तीनदा केलं तर अठरा भागिले तीन, म्हणजे सहा दिवस. स्पर्धेला उरले होते दहा.

"चार दिवस शिल्लक!" रत्नपाल आनंदानं ओरडला.

उत्तर बरोबर होतं. खांद्याला भागाकार येत नव्हता, एवढंच.

पहिल्या दिवशी तो अंगणातल्या कडुलिंबाच्या आडव्या फांदीला बांधलेल्या स्नेहलच्या रिंगांना लटकला. दुसऱ्या दिवशी लटकला. तिसऱ्या दिवशी खांदा ठणकायला लागला. 'दुखलं की थांबायचं' हे कागदावर होतं, पण किती दुखलं की, हे कुठं लिहिलं होतं? पाचव्या दिवशी लटकणं पुरे झालं असं ठरवून त्यानं थेट वर उडी मारली. उजव्या खांद्यात 'कट्' झालं आणि सर तुरीच्या पोत्यासारखे खाली आले!

डॉक्टर म्हणाले, "फाटलं-बिटलं न्हाई, ताण पडलाय. दोन आठवडे लटकणं बंद. हात जिथं ठेवल्यावर बरं वाटतंय तिथं ठेवा. दुखणं उतरलं की हळूहळू हलवायला लागा."

यातलं मधलं वाक्य तेवढं रत्नपालनं घेतलं. आणि बरं वाटणारी जागा साऱ्या अंगात एकच निघाली: डोक्यावर!

सकाळी तो डोक्यावर हात ठेवून शाळेला निघाला. शेजारच्या सुभद्राबाईंच्या हातातली घागरच निसटली.

"अगं माय! कोण गेलं सर?"

"कुणी न्हाई, काकू."

"मग डोक्याला हात कामून लावलाव?"

चौकापर्यंत जाईस्तोवर दोघांनी माती किती वाजता आहे ते विचारलं. किराणावाल्यानं अर्धं शटर खाली ओढलं. दहा वाजता राजेश्वर गावाहून सासूबाईंचा फोन आला, "जावईबापू, तुम्हीच बोलायलाव ना?"

रत्नपालनं मग डोकं चालवलं. हात डोक्यावरून वीतभर वर उचलला. आता तो शोकात बुडालेला दिसत नव्हता. तो आता इच्छुक दिसत होता.

शुक्रवारी मुख्याध्यापक गुरुपादय्या यांनी बैठक घेतली. त्यांचा कारभार सरळ होता. काम सांगायचं, हात वर आला की कारकून हावगेप्पानं शाईनं ठरावबुकात नाव लिहायचं. शाई वाळायच्या आत पुढचं काम.

"सोमवारी रोपं लावायला कोण?"

"रत्नपाल सर," हावगेप्पानं लिहिलं.

"तीन गल्ल्यांचं घरोघर सर्वेक्षण?"

"रत्नपाल सर."

"सर, माझा हात..." रत्नपाल कळवळला.

"दिसायलाय की! सगळ्यांच्या आधी दिसायलाय! रविवारी बीदरला दिवसभराचं प्रशिक्षण?"

स्पर्धेचाच रविवार! ते ऐकताच रत्नपालनं जिवाच्या करारावर हात खाली ओढला. खांद्यात अशी कळ आली, की हात उसळून होता त्याहून वर गेला!

"बघा!" गुरुपादय्या खुर्चीतून उठले. "याला म्हणायचं तळमळ!"

बाकीच्या आठ मास्तरांनी रत्नपालकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी बुडणारी माणसं नावेकडे बघतात.

घरी आल्यावर त्यानं स्नेहलला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "दिवसातून तीनदा केलं, पप्पा?"

"हिशोब जमत होता गं."

तिनं स्पर्धेची भरलेली पिशवी उचलली आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिली. रत्नपालला रात्रभर खांद्यापेक्षा तो कप्पा जास्त दुखला.

शनिवारी सकाळी तो गुरुपादय्यांसमोर उभा राहिला. हात अर्थातच वर.

"नाव खोडा म्हणता? खोडता येत न्हाई," गुरुपादय्या म्हणाले. "बदली माणूस देता येतो. सगळ्यांना बोलवा. हां, रत्नपाल सरांच्या जागी रविवारी बीदरला कोण जाईल? हात वर करा."

आठ मास्तर फरशीवरच्या मुंग्या मोजायला लागले. खोलीत एकच हात वर होता.

हावगेप्पा लिहिता लिहिता पुटपुटला, "रत्नपाल सरांच्या जागी... रत्नपाल सर."

"अरे बाबांनो!" रत्नपालचा बांध फुटला. "हा तळमळीचा हात न्हाई! दुखण्याचा हात हाय! रिंगला लटकलो, खांदा गेला, खाली घेता येत न्हाई! उद्या सही केली न्हाई तर पोरगीला उभंसुद्धा करणार न्हाईत. दोन वर्षं नुसतं 'पुढच्या वर्षी येतो' म्हणालो तिला!"

गुरुपादय्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कोणता खांदा?"

"उजवा."

"माझाबी उजवाच. विहिरीच्या दोराला लटकून दाखवायला गेलतो, नातवाला. सात वर्षं झाली. कुणाला बोललो न्हाई."

आणि मुख्याध्यापकांनी आपला हात वर करायला घेतला. तो थरथरत कोपरापासून उठला, खांद्याशी रेंगाळला, कानापर्यंत आला आणि तिथंच अडकला.

हावगेप्पानं पेन थांबवलं. "सर, हा हात अर्धाच वर आलाय. धरायचा का?"

"धर की रे! यापेक्षा वर ह्या जन्मात जात न्हाई!"

रविवारी सकाळी नऊला रत्नपाल कलबुर्गीच्या टेबलासमोर हजर होता. उजवा हात वर, म्हणून सही डाव्या हातानं केली. ती एखादा खेकडा शाईतून पळाल्यासारखी उमटली.

"ही फॉर्मवरच्या सहीशी जुळत न्हाई," टेबलामागच्या बाई म्हणाल्या. "अंगठा द्या."

एम.एस्सी., बी.एड. रत्नपालनं डावा अंगठा निळ्या शाईत बुडवून कागदावर दाबला. मागं उभ्या पालकानं हळूच त्याची पाठ थोपटली.

"लाजायचं न्हाई, अण्णा. आमच्या गावात मोठ्यांचा वर्ग चालतोय. या एकदा."

स्नेहल मॅटवर आली. पंचांना नमस्कार म्हणून तिनं हात उंच केला आणि प्रेक्षकांकडे पाहिलं. तिथं एक हात आधीच वर होता. तिला हसू फुटलं, त्यात सुरुवातीचा अर्धा गुण गेला. ती पाचवी आली.

रत्नपालला आठवलं, स्नेहल पहिल्यांदा हातांवर उलटी उभी राहिली तेव्हा पाच वर्षांची होती, आणि तिचे पाय त्यानं याच हातांनी धरले होते.