बेरिलच्या आईचं झुडूप

मार्चमधल्या एका शनिवारी विल्फ्रेडने बागेतलं फुलपाखरांचं झुडूप छाटायचं ठरवलं. तसं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण बायको बेरिल बहिणीकडे हेरफर्डला गेली होती आणि रिटायर झाल्यापासून त्याचे हात सारखे शिवशिवत असत. शिवाय बागकामाच्या मासिकात स्पष्ट लिहिलं होतं, मार्चमध्ये गुडघ्याएवढं ठेवा, दयामाया दाखवू नका.

त्याने दाखवली नाही. चहाच्या वेळेपर्यंत डोक्याहून उंच झुडपाचे पाच खुंट उरले. (मासिकातल्या फोटोत सहा होते, पण तेवढं चालायचंच.)

शेजारच्या टनिक्लिफबाई कुंपणावरून डोकावल्या.

"हे काय केलंत?"

"छाटणी. आता बघा उन्हाळ्यात कसं फुलतं."

"जांभळ्या तुऱ्यांचं असतं तर फुललं असतं. हे नारिंगी गोंड्यांचं. याला गेल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलं येतात. कुठायत त्या?"

त्या विल्फ्रेडच्या ढकलगाडीत होत्या.

झुडूप बेरिलच्या आईने लावलेलं. आई गेली जूनमध्ये, आणि दर जूनला बेरिल त्यातले चार गोंडे चर्चमागच्या कबरीवर ठेवायची. यंदा बिचारी काय ठेवणार? विल्फ्रेडला भयंकर वाईट वाटलं. वाईट वाटलं की तो काहीतरी करतो. त्याने सगळ्या फांद्या सुतळीने पुन्हा खुंटांना बांधल्या.

रविवारी बेरिल आली. टोपी न काढताच खिडकीशी उभी राहिली.

"विल्फ, वारा नाही, काही नाही, आणि आईचं झुडूप आडवं कसं झालं?"

"मी छाटलं गं," विल्फ्रेड म्हणाला. "चुकलं माझं. यंदा आईला फुलं नाहीत."

बेरिलने किटली चढवली. "डोळे पूस आधी. तू रिटायर झालास ना, त्याच उन्हाळ्यात मी त्याच्या फांद्या लावून पाच रोपं केली आणि गावात पाच घरी देऊन ठेवली. टनिक्लिफबाईंचं यंदा फुलेल."

विल्फ्रेडचा जीव भांड्यात पडला. दोन कप चहा झाल्यावर त्याला पुन्हा हुरूप आला.

"मग पुढच्या शनिवारी गुलाब घेऊ का छाटायला?"

"घे की खुशाल," बेरिल म्हणाली. "त्यांची रोपं पाद्रीसाहेबांकडे आहेत."