आठ लिटरचं वाळवंट

माणूस हा मुळात भटका प्राणी आहे. घर ही त्याच्या इतिहासातली अगदी अलीकडची चूक आहे.

हा विचार मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या डोक्याला शाम्पू लागलेला होता आणि शॉवर बंद पडला होता. विचार बाथरूमच्या दाराबाहेरून आला. मी "काका, पाणी गेलं!" असं ओरडलो होतो, त्याचं ते उत्तर होतं. मागोमाग खुलासाही आला, "गेलं नाही. तुमचे आठ लिटर संपले. वाळवंटात कोण देणार?"

सिंगापूरच्या बुकित पंजांग भागात अकराव्या मजल्यावर राहायला येऊन मला तीनच दिवस झाले होते. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. विद्यापीठात दोन वर्षांचं संशोधनाचं काम मिळालं होतं आणि खोली हवी होती. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणीतरी केळुसकरांचं नाव सुचवलं. "मोठा फ्लॅट, शांत माणूस, बायको मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत." तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. बाथरूमबाहेरच्या पितळी व्हॉल्व्हचा आणि त्याला जोडलेल्या मीटरचा उल्लेख तेवढा राहून गेला होता.

केळुसकरांना सगळे चीफ म्हणत. एकतीस वर्षं बोटीवर, त्यातली निम्मी चीफ इंजिनिअर म्हणून. मग काही वर्षं जुरोंगच्या एका गोदीत जहाजदुरुस्ती. आणि आता काहीच नाही. मूळ गाव वेंगुर्ल्याच्या बाजूचं. बुटके, रुंद, उजवा कान इंजिनांनी नेलेला. हात पाठीमागे बांधून ते दिवसभर फ्लॅटमधून चालत. हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर, आणि परत. दर चार तासांनी एका जाड वहीत तापमान, हवेतला दमटपणा आणि पाण्याचा खप लिहीत. फ्रिजच्या आवाजाचीही नोंद होती, कारण घरात सतत चालणारं ते एकच यंत्र होतं.

तर हे चीफ वाळवंटात राहायला जाणार होते. राजस्थानात नव्हे, अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, ॲरिझोनात. कॅलिफोर्नियाच्या एका बंदरात जहाजं तपासणाऱ्या कुणा म्हाताऱ्या सर्व्हेयरने त्यांना सांगितलं होतं की तिकडे हजारो निवृत्त माणसं घरदार मोडून व्हॅनमध्ये राहतात. थंडीत वाळवंटात, उन्हाळ्यात डोंगरावर. बारा महिने, कायमची. या मंडळींचं एक पत्रक निघत असे, ते चीफना टपालाने येई. त्यात वाचल्यापासून ते रोज सकाळी बूट उलटे करून आपटत. विंचवासाठी. अकराव्या मजल्यावर विंचू कसा येईल असं मी विचारलं, तर म्हणाले, "तिथे गेल्यावर सवय लावायला वेळ नसतो."

"स्वातंत्र्य!" असं ते अधूनमधून म्हणत. या स्वातंत्र्याला लागणाऱ्या सामानाची यादी एकशे चौदा कलमांची होती. कलम सत्तावीस, खोबरेल तेल, दोन डबे. "कोरडी हवा असते." कलम अठ्ठावीस, काकूंच्या जुन्या सुती साड्यांचे चौकोनी तुकडे, चोवीस. "इंजिन पुसायला." हे तुकडे ते दुपारी स्वतः मशीनवर बसून करत आणि प्रत्येकाला चारी बाजूंनी कड दुमडून बारीक हेम घालत. इंजिन पुसायच्या फडक्याला हेम लागतं, हे मला नवीन होतं. मी यंत्रांतला नव्हे, म्हणून गप्प बसलो.

पण सगळ्यात मोठा जाच होता चौदा दिवसांचा. तिथल्या सरकारी वाळवंटात फुकट राहता येतं, मात्र एका जागी चौदा दिवस. पंधराव्या दिवशी मुक्काम हलवायचा. हा कायदा चीफना इतका पसंत होता की त्यांनी तो फ्लॅटलाही लागू केला. त्यांची कॉट चौदा दिवस हॉलमध्ये असे, मग चौदा दिवस स्वयंपाकघराच्या दाराशी, मग बाल्कनीलगत. एकदा मी प्रयोगशाळेतून आलो तर माझ्या खोलीत कपडे वाळत घातलेले, आणि माझी कॉट हॉलमध्ये.

"काका, हे काय?"

"चौदा दिवस झाले तुमचे."

"पण मी भाडेकरू आहे."

"मग काय झालं? पंधराव्या दिवशी माणसाने उठावं. कुणाला 'जा' म्हणायची वेळ येऊ देऊ नये."

या शेवटच्या वाक्याच्या मागे एक गोष्ट होती. चीफ ती चारचौघांत विनोद म्हणून सांगत. मुलगी मृणाल चार वर्षांची असताना ते दहा महिन्यांनी बोटीवरून घरी आले. काकू आत स्वयंपाकात. मुलीने आईच्या शिकवणीप्रमाणे पाण्याचं फुलपात्र आणून पुढे ठेवलं आणि अदबीने विचारलं, "काका, किती दिवस आहात?" लोक पोट धरून हसत. मी ही गोष्ट चौथ्यांदा ऐकली तेव्हा माझ्या लक्षात आलं की सांगणारा कधीच हसत नाही, आणि गोष्ट संपली की उठून फेऱ्या मारायला लागतो.

हीच मृणाल आता ॲरिझोनात टूसॉन नावाच्या गावी होती. काकू तिच्या बाळंतपणाला गेल्या, मुलगी झाली, तीन महिने झाले, काकूंचा मुक्काम वाढला. आपल्याकडे बाळंतपणाला आई जाते. वडिलांना कुणी बोलावत नाही आणि वडीलही विचारत नाहीत. त्यांनी पेढे वाटायचे असतात. चीफनी ब्लॉकमध्ये पेढे वाटले होते. मी एकदा म्हटलं, "मग टूसॉनला जालच की तुम्ही." तर एकदम ताठ झाले. "मी वाळवंटात राहायला चाललोय. कुणाच्या घरी नाही. ते गाव तिथे आहे, हा निव्वळ भूगोल झाला."

रविवारी सकाळी नऊला मृणालचा फोन येई. चीफ आठ वाजल्यापासून फोनपाशी बसत, म्हणजे त्या आठवड्यातलं तेवढंच स्वस्थ बसणं. फोन वाजला की तीन वेळा वाजू देत, मग उचलत.

"हां. तापमान किती? ... दमटपणा? ... पाऊस नाही ना? बरं. आईला दे."

काकूंचा आवाज रिसीव्हरबाहेर मलाही ऐकू येई. "भात लावता का रोज? का पाव खाऊन राहता? अहो, बाळ हसायला लागलंय." यावर चीफ म्हणत, "बरं," आणि वहीत लिहीत. मी एकदा चोरून पाहिलं. तापमान, दमटपणा, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'हसते'.

नकाशा मी पाहिला तो अपघाताने. मोठा, घड्यांवर फाटलेला, जेवणाच्या टेबलावर पसरलेला. पेन्सिलीने वर्षभराच्या मुक्कामांचे ठिपके काढलेले. थंडीत वाळवंट, उन्हाळ्यात डोंगर, असं इतके दिवस ऐकत आलो होतो. पण हे ठिपके कुठेच लांब जात नव्हते. सगळे मिळून एक गोल होत होता. आणि गोलाच्या मध्यभागी, टूसॉनवर, कर्कटकाचं टोक टेकवून टेकवून कागदाला आरपार भोक पडलं होतं.

"काका, यात टूसॉनला मुक्काम कुठेच नाही," मी म्हणालो.

त्यांनी नकाशाची घडी घालायला घेतली. "नांगर टाकलेलं जहाज एका जागी उभं राहत नाही. वाऱ्याबरोबर फिरतं. तेवढी जागा ठेवावी लागते. नाहीतर शेजारच्यावर आपटतं."

घडी घालून होईपर्यंत मी थांबलो. मग म्हटलं, "एकदा सरळ सांगा ना तिला, येतो म्हणून."

"आणि ती 'या' म्हणाली तर?"

"तर जायचं."

"आणि तिने विचारलं, किती दिवस?" चीफ उठले आणि चालायला लागले.

सरावासाठी त्यांना व्हॅन मिळाली होती. चौथ्या मजल्यावरचा लिम एअरकंडिशनर दुरुस्तीची कामं घेई. त्याच्या व्हॅनचं इंजिन चीफ सांभाळत, आणि बदल्यात रविवारी व्हॅन त्यांची. गाडीतळाचा सगळ्यात वरचा मजला उघडा होता. आमच्या वसाहतीत सावली नसलेली ती एकमेव जागा. तिथे व्हॅन लावून, दारं बंद करून, आठ लिटरचा कॅन घेऊन चीफ दिवस काढत. फोन आटोपला की दहाला वर, संध्याकाळी खाली. लिम डोकं खाजवत म्हणे, "चीफ आ, यू गॉट हाउस. व्हाय यू स्टे इन माय व्हॅन?" चीफ म्हणत, "प्रॅक्टिस." लिम म्हणे, "प्रॅक्टिस फॉर व्हॉट? नो हाउस?" तरी दुपारी तोच त्यांना कागदात बांधलेला नूडल्सचा पुडा नेऊन देई. वाळवंटात कोण देणार, या प्रश्नाचं आमच्यापुरतं उत्तर लिम हे होतं.

वाळवंटाचा सराव करायला सिंगापूरसारखं गैरसोयीचं शहर नाही. सहाच्या सहा रविवारी पाऊस पडला.

त्या सहाव्या रविवारी फोन नऊला आला नाही. साडेनऊ, दहा. चीफनी वहीत 'फोन नाही' असं लिहिलं आणि कॅन उचलून वर गेले. साडेअकराला फोन वाजला. मी उचलला.

"बाबा कुठायत?" मृणालचा आवाज. "बाळ आज झोपतच नव्हतं, उशीर झाला."

"वर आहेत. गाडीतळावर. व्हॅनमध्ये." मग खोटं काय बोलायचं म्हणून मी सगळंच सांगून टाकलं. आठ लिटर, विंचू, चौदा दिवस, हेम घातलेली फडकी. ती आधी खूप हसली. मग मी म्हणालो, "आणि तुमच्या गावाभोवती एक गोल काढलाय त्यांनी." त्यावर ती हसली नाही. लाइनवर नुसती बाळाची कुरकुर ऐकू येत होती.

"मला वाटायचं, त्यांना फक्त हवामानात रस आहे," ती म्हणाली.

मग तिने एक निरोप दिला.

"त्यांना सांगाल? आमच्या घरासमोर ड्राइव्हवे आहे. तिथे एक व्हॅन मावते. घरात नाही राहायचं तर नका राहू म्हणावं. आणि सरकारी जमीन नाहीये ती. चौदा दिवसांचा नियम नाही तिथे."

मी पावसात गाडीतळाच्या वरच्या मजल्यावर गेलो. व्हॅनच्या काचा आतून धुरकटल्या होत्या. दार सरकवलं तर चीफ बनियनवर, गुडघ्यावर वही घेऊन, घामाने निथळत बसले होते. मी निरोप शब्दाला शब्द सांगितला. त्यांनी वही मिटली. चांगला कान माझ्याकडे होता, तरी म्हणाले, "परत सांगा."

मी परत सांगितला.

"उतार किती आहे?" त्यांनी विचारलं.

"कसला?"

"ड्राइव्हवेला! गाडी सपाटीवर लागते. उतार विचारला नाहीत?"

"नाही."

"तेच तर विचारायचं होतं!" असं म्हणून माझ्यावर चिडून, छत्री न घेता, ते खाली गेले. आणि केळुसकरांनी त्या घरात माझ्यादेखत पहिल्यांदा स्वतः अमेरिकेला फोन लावला. पन्नास मिनिटं बोलले. विषय, उतार. त्यावेळी मी अंघोळीला गेलो. आठ लिटर झाले, वीस झाले, पाणी येतच राहिलं. शेवटी मीच घाबरून नळ बंद केला.

दोन महिन्यांनी व्हिसा हातात आला आणि चीफ गेले. एकशे चौदा कलमांपैकी तेल आणि फडकी तेवढी नेली. टूसॉनला जावयाने एक जुनी व्हॅन मिळवून दारात लावून ठेवली होती. फ्लॅट माझ्या ताब्यात आला. मी कॉट एका जागी ठेवली आणि तीन आठवडे मला नीट झोप लागली नाही.

मग एक पाकीट आलं. पत्र नव्हतंच, वहीचं एक पान होतं. वाळवंटातल्या कायमच्या भटक्या आयुष्याचा पहिला अधिकृत अहवाल.

दिवस : एक्केचाळिसावा.

मुक्काम : बदल नाही.

वाळवंट : अजून पाहिलेले नाही.

पाणी, स्वतःसाठी : आठ लिटर.

पाणी, बाळाची अंघोळ : तीस लिटर.

शेरा : कमी पडले.