बिराजदारांचं नापास जंगल

मुलांनो, आमच्या वरच्या मजल्यावरचे बिराजदार जंगल नापास करून घरी येतात. महिन्यातून एकदा पहाटे भीमाशंकरच्या जंगलात जातात, संध्याकाळी परततात आणि जिन्यात मी भेटले की गंभीर चेहऱ्याने सांगतात, "रिजेक्ट, ताई." जणू जंगल कुणी त्यांच्याकडे तपासायलाच पाठवलं होतं.

तपासणं हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. ऐन विशीत लातूरकडून चिंचवडला आले. आधी भोसरीला आणि मग चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासत निवृत्त झाले. हातात आलेली वस्तू ते अजून आधी उजेडाकडे धरतात. मी दिलेली पुरणपोळीसुद्धा धरली होती. "कड जराशी जाड आहे. पण ओके," म्हणाले आणि खाल्ली.

प्रत्येक जंगलफेरीला ते 'ट्रायल' म्हणतात. कशाची ट्रायल, हे काही मला कळेना. शेवटी मीच म्हटलं, "एकदा मलाही न्या." त्यांचा चेहरा उजळला. "बरं झालं. सत्तरीचा गुडघा ट्रायलला पाहिजेच होता."

त्यांच्या जुन्या गाडीतून, मागे बसलेल्या सुशीलाताईंच्या म्हणजे त्यांच्या बायकोच्या सोबतीने, मी वर्षभर ते जंगल पाहिलं. जायचं नेहमी गुरुवारी. आपल्याकडच्या कारखान्यांना पूर्वापार गुरुवारी सुट्टी असते, आणि निवृत्तीनंतरही बिराजदारांचा रविवार गुरुवारीच येतो.

जानेवारीत झाडांवरून दव टपटपत होतं आणि वर फांदीवर शेकरू बसलं होतं. शेकरू म्हणजे मांजरापेक्षा लांब, तांबूस पाठीची, झुपकेदार शेपटीची खार. मी हरखून गेले. बिराजदारांनी मान हलवली. "हे योगायोगानं दिसलं. योगायोग धरता येत नाही. रिजेक्ट."

मे महिन्यात जांभळांनी जिभा रंगल्या, करवंदांनी बोटं चिकट झाली. पण पाचोळा पायाखाली फार वाजतो म्हणून मे नापास. ऑगस्टमध्ये धुकं एवढं, की दोन पावलं पुढचे बिराजदार मला दिसेनात.

"ताई, आहात ना?"

"आहे. झाडं आहेत का?"

"असणार. मागच्या खेपेला होती."

बऱ्याच वाटा पावसामुळे बंद होत्या. ऑगस्टही नापास. ऑक्टोबरात मात्र सगळं धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि पठारावर पिवळी सोनकी फुलली होती. ते पास म्हणणार, इतक्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. "पॅसेंजरमुळं रिजेक्ट," ते हळहळले.

परतताना राजगुरुनगरला चहासाठी थांबलो तेव्हा मी विचारलंच. "भाऊ, ही ट्रायल आहे तरी कशासाठी?"

"माल गिऱ्हाइकाकडं जायच्या आधी ट्रायल नको?"

"आणि गिऱ्हाईक कोण?"

ते गळ्यातल्या दुर्बिणीची काच पुसत राहिले. उत्तर सुशीलाताईंनी दिलं. "गिऱ्हाईक पुनावळ्याला राहतंय. आमचा प्रशांत. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे की. पोरगं कधीचं म्हणालं होतं, बाबा, तुमचं जंगल मला दाखवा एकदा. तवापासून ह्यांचं तपासणंच सरंना. पोराचे केस पिकायलेत आता."

"तुला कळत नाही," बिराजदार म्हणाले. "त्याला सुट्टी कुठं मिळती? कसाबसा एक दिवस काढील. तो वाया गेला, तर पुन्हा दाखवा म्हणायचा नाही."

पुढच्याच महिन्यात प्रशांतचा फोन आला. येत्या रविवारी मोकळा आहे, जाऊ या. बिराजदार फोन कानाला धरूनच कॅलेंडर चाळायला लागले. रविवारची एकही ट्रायल झालेली नव्हती. "ये म्हणा ना," सुशीलाताई ओरडल्या, तेव्हा कुठे ते फोनमध्ये "ये" म्हणाले. मलाही सोबत यायला सांगितलं. ट्रायल घेतलेलं माणूस बरोबर असावं म्हणून.

रविवारी सगळंच बिनसलं. प्रशांत उशिरा आला. कंपनीचं काम पहाटेपर्यंत चाललं होतं. चाकणच्या चौकात गाडी मुंगीच्या चालीने सरकत होती. वर पोचलो तर देवदर्शनाला आलेल्यांच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. बिराजदारांच्या शर्टाची बाही सारखी कपाळावरून फिरत होती. एकदाच पुटपुटले, "गेलं सगळं."

गर्दी टाळून आम्ही आडवाटेवरच्या एका झाडाखाली सतरंजी अंथरली. सुशीलाताईंनी डबा उघडेपर्यंत प्रशांत बुंध्याला टेकला आणि झोपी गेला. नीट, गाढ, तोंड उघडं टाकून.

बिराजदार दुर्बीण घेऊन वरच्या फांद्या न्याहाळत होते. एकाएकी त्यांनी वर बोट दाखवलं. शेकरू! दोन झाडांच्या मधून ते असं झेपावलं की शेपटी उन्हात पेटल्यासारखी दिसली. आणि ते पुढे गेलं नाही. आमच्याच डोक्यावर बसून फळ कुरतडायला लागलं.

"उठवा त्याला," मी कुजबुजले.

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

"लहानपणी त्याची सुट्टी रविवारी, माझी गुरुवारी," ते अगदी हळू म्हणाले. "रात्रपाळी करून मी रविवारी दिवसभर झोपायचो. घर एका खोलीचं. बाहेर पोरं खेळायची, आणि हे तोंडावर बोट ठेवून कोपऱ्यात बसायचं. एकदासुद्धा उठवलं नाही त्यानं मला."

मग ते टॉवेलने त्याच्या तोंडावरच्या माश्या वारत राहिले. फळ खाऊन शेकरू निघून गेलं. त्यांनी वर पाहिलंही नाही.

थोड्या वेळाने कॉलेजच्या मुलांचा एक घोळका मोठ्याने गाणी लावून वाटेवर आला. एरवी बिराजदारांनी त्यांना जंगलातल्या शांततेवर तासभर सुनावलं असतं. आज ते गुडघ्यावर हात टेकून उठले, हात जोडून सामोरे गेले.

"दादांनो, तेवढं बंद करा. लेकरू झोपलंय."

मुलांनी लगेच गाणं बंद केलं आणि कुठे झोळी, दुपटं दिसतं का म्हणून माना उंचावल्या. झाडाखाली चष्मा कपाळावर चढलेला, दाढीत पांढरे केस आलेला एक जाडजूड माणूस घोरत होता. एकाला हसू फुटणारच होतं. पण त्याने बिराजदारांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग ती सगळी मुलं पाचोळा वाजू नये म्हणून पाय उचलून उचलून टाकत आमच्यासमोरून गेली.