भाऊंची चालती तोफ

श्रावणाच्या पहिल्याच आठवड्यात भाऊ कर्णिकांनी आपल्या टेबलाच्या खणाला कुलूप लावलं, आणि त्याच दिवशी वासंतीबाईंना संशय आला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात या माणसाने घरात कशालाही कुलूप लावलं नव्हतं. बाहेर जाताना दाराला लावायचंसुद्धा वासंतीबाईंनाच आठवावं लागायचं.

खरी गोष्ट अगदी साधी होती. कारगिलचं युद्ध नुकतंच संपलं होतं आणि यंदा ठाण्यातल्या निम्म्या गणपतींपुढे डोंगर आणि तोफ असणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. भाऊंच्या आळीच्या मंडळाने ठरवलं, आपली तोफ ओढायची नसेल, स्वतः चालेल. रणगाड्यासारखे पट्टे, वर गरगर फिरणारा बुरूज, त्यातून पुढे आलेली लांबलचक नळी आणि पोटात धोंडिबाचा टेम्पो. देखाव्याचं गुपित पलीकडच्या आळीला कळलं की मंडळाची वर्षभर मान खाली. म्हणून सगळ्यांनी नारळावर हात ठेवून शपथ घेतली होती, बायकोलासुद्धा सांगायचं नाही.

भाऊ शपथ मोडणारे नव्हते, आणि त्यात त्यांचा जीवही अडकला होता. सरकारी कारखान्यात तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून त्यांनी तोफेच्या एका झाकणाची बिजागरी काढली. वेगवेगळ्या मापांची, पण बिजागरीच. अख्खी तोफ काढायला त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. आता मासिकांतले फोटो जमवून ते पहिल्यांदाच पूर्ण तोफ कागदावर उतरवत होते, आणि ती उभी राहिलेली बघणं एवढी एकच इच्छा त्यांना उरली होती.

वासंतीबाईंना दिसत होतं ते एवढंच, की नवरा कागदांची गुंडाळी काखेत मारून रोज चार वाजता कोळीवाड्यात जातो. कर्णिकांकडे श्रावण कडक. एरवी माणूस कोळीवाड्यात गेला तर पापलेट आणायला गेला म्हणता येतं. श्रावणात काय म्हणायचं?

एक दिवस त्या मागोमाग गेल्या. खाडीकाठच्या शेडमध्ये होड्या बांधणारा गोमाजी आणि भाऊ कागदावर वाकले होते. तोफेचं लाकडी अंग पलीकडच्या आळीच्या नजरेआड बांधायचं, म्हणून काम गोमाजीकडे दिलेलं. वासंतीबाई जाळ्यांच्या ढिगाआड उभ्या राहिल्या.

"बूड सपाट कशाला रं भाऊ?" गोमाजी म्हणाला. "भरतीला उलटंल ना ती."

"अरे, ती पाण्यात जायचीच नाही."

"मी बापजन्मात सपाट बुडाचं काय बनवलं नाय. थोडं निमुळतं ठेवतो."

"ठेव बाबा," म्हणत भाऊंनी कागदावरचं बूडही निमुळतं करून टाकलं. "पण तोंड बंद."

"कुनाला सांगू? माशांना?"

दुसऱ्या दिवशी भाऊ मंडळाच्या अध्यक्षांशी, सहदेवशी, फोनवर दबक्या आवाजात बोलत होते. देखाव्यापुढे माइकवर काय माहिती सांगायची, ते चाललं होतं. "पल्ला तीस किलोमीटर, सहदेव. ठाण्यातून डागली तर दादर सहज येतं. मिनिटाला सहा गोळे. आणि मुख्य म्हणजे, बार काढला की तिथे थांबायचं नाही. कुठून आला ते समोरच्याला कळायच्या आत जागा सोडायची."

वासंतीबाईंच्या हातातली वाटी पडली. दादरला त्यांची सख्खी बहीण राहत होती.

"काय म्हणत होते सहदेव?"

"कुठे काय. आरतीचं चाललंय."

"दादरला?"

"तू फार संशयी झालीयस हं हल्ली," भाऊ म्हणाले आणि खण ओढून बघून आले.

पलीकडच्या आळीत वासंतीबाईंचा मावसभाऊ मधू राहायचा. तो पाच वर्षं होमगार्डमध्ये होता, त्यामुळे देशाच्या संरक्षणाचं सगळं त्याला कळतं असा माहेरी समज होता. दुपारी भाऊ झोपले तेव्हा चष्म्याच्या घरातली किल्ली काढून वासंतीबाईंनी कागद भाजीच्या पिशवीत घातले आणि थेट मधूचं घर गाठलं.

मधूने कागद उलगडून एकेक करून निरखले. मग उठून त्याने दार लावून घेतलं.

"ताई, हे कुणाकुणाला माहितेय?"

"तुलाच दाखवतेय. मधू, फाशी होते का रे यात?"

"होऊ शकते. पण मी बघतो. झेरॉक्स काढून आणतो, वरच्या लोकांना दाखवायला लागेल."

"वरच्या म्हणजे दिल्लीच्या?"

"तेवढं विचारू नकोस. आणि भाऊजींना एक शब्द बोलायचा नाही. त्यांच्या भल्यासाठी सांगतोय."

भाऊ उठायच्या आत कागद खणात परत गेले. पुढचे पंधरा दिवस वासंतीबाईंनी नवऱ्याला रोज गोडधोड करून घातलं. तुरुंगात काय देतात कुणास ठाऊक. दारावर थाप पडली की त्या देवापुढे जाऊन उभ्या राहत. शेवटी भाऊंनाच संशय आला, की आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय आणि डॉक्टरांनी तो फक्त हिला सांगितलाय.

चतुर्थीच्या संध्याकाळी पडदा सरकला. तोफ गुरगुरत चार पावलं पुढे आली, बुरूज फिरला, आळीने टाळ्या वाजवल्या. वासंतीबाई खुर्चीवर बसून चक्क रडल्या. "अहो, हे होतं होय," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

हे सुख पाच मिनिटं टिकलं. धोंडिबा धापा टाकत आला. "भाऊ, पलीकडच्या आळीत पण हीच तोफ. सेम टू सेम."

सगळे तिकडे धावले. तेच पट्टे, तोच बुरूज. जगातल्या कुठल्याही सैन्याकडे नसलेलं होडीसारखं निमुळतं बूडसुद्धा तेच. तोफेशेजारी छातीवर त्या मंडळाचा बिल्ला लावून मधू उभा होता. वासंतीबाईंकडे नजर जाताच तो लगबगीने गणपतीकडे वळला आणि डोळे मिटून हात जोडून राहिला.

घरी आल्यावर भाऊ खुर्चीत जाऊन बसले. वासंतीबाईंनी चहा केला, समोर बसल्या आणि मनाचा हिय्या केला.

"अहो, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"थांब, आधी माझं ऐक." भाऊंचे डोळे भरून आले होते. "तीस वर्षं माझे कागद टेबलावर उघडे पडलेले असायचे गं. एक चोरावा असं कुणाला वाटलं नाही. आज कुणीतरी चोरला, आणि एका सुताचा फरक न करता उभा केला. सहदेव म्हणतो, फितूर शोधून काढतो. म्हटलं, सापडला की आधी माझ्याकडे आण. त्याला या घरात समोर बसवून चहा पाजायचाय मला."

वासंतीबाईंनी आपल्या कपात आणखी थोडा चहा ओतून घेतला.