पाखरीचे आप्पा

बबनआप्पा कुणालाही समोरून भेटत नाहीत. तिरके येतात. लांबूनच घसा खाकरतात, "हो, हो, मी आलो गं बाय," असं पुटपुटतात आणि चार पावलांचा वळसा घालून तुमच्या डाव्या खांद्याशी येऊन उभे राहतात. घोड्याजवळ असंच जावं म्हणे, म्हणजे ते बुजत नाही. घोड्याचं ठीक आहे हो, पण तलाठ्याला कुणी "हो गं बाय" म्हणतं का? आप्पा खरंच म्हणाले. उतारा मात्र त्याच दिवशी मिळाला.

आमची गाठ पडली ती माझ्या पोरीमुळं. मी कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला. श्रुती एकुलती एक. बारावीनंतर डॉक्टरकीच्या परीक्षेत दोनदा मार्क कमी पडले आणि पोरगी खोलीत जाऊन बसली ती आठ महिने. रडणं नाही, भांडणं नाही. "जेवतेस?" "चालेल." "मग राहू दे का?" "चालेल." आधी मी ओरडलो, मग समजावलं, मग स्वतःच खचलो. शेवटी दौंडच्या डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर केंदूरचा पत्ता दिला. तिथं एका डॉक्टरीणबाईंनी संस्था काढलीय. माळरान, चार म्हातारे घोडे आणि मन खचलेली तरुण पोरं. बाई पोरांशी बोलतात, आप्पा घोड्यांशी.

आप्पा पूर्वी बैलगाडा शर्यतीत गाड्यापुढं घोडी पळवायचे. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, "भिर्रर्र" अशी आरोळी उठली की यांची घोडी सुटायची आणि तिच्यामागं बैल. त्यातलीच पाखरी नावाची घोडी आता संस्थेत आहे. निवृत्त, आप्पांसारखीच.

पहिल्याच दिवशी त्यांनी श्रुतीच्या हातात फावडं दिलं. "लीद काढ."

माझं डोकंच फिरलं. "आप्पा, पोरीला डॉक्टर करायला निघालो होतो मी!"

"मग करा की. डाक्टरला काय घाणीत हात घालाय लागत न्हाई व्हय? आदी लीद, मंग खरारा, मंग बसणं. घाई आसंल तर दौंडला रेल्वे हाय."

सहा रविवार नुसती लीद! मी बाईंकडं तक्रार केली. बाई हसल्या, "घोड्यांपाशी आप्पांचाच शब्द. तिथं माझंही चालत नाही." आप्पा ढिम्म. सातव्या रविवारी श्रुती आपणहून म्हणाली, "आज मी खरारा करते." 'करते' म्हणाली हो! 'चालेल' नाही. ती पाखरीचं अंग घासत होती आणि मी पाण्याच्या टाकीमागं जाऊन डोळे पुसत होतो.

दहाव्या रविवारी आप्पांनी तिला पाखरीवर बसवलं. दोर आप्पांच्या हातात, घोडी आपली डुलत चाललेली. माझी पोरगी पाठ ताठ करून बसली होती, आणि हसत होती. मी मूळचा शिरूरकडचा, शर्यतीच्या घाटात वाढलेला माणूस. आनंद अनावर झाला की आमच्या तोंडातून एकच गोष्ट निघते. दोन्ही हात वर करून मी ओरडलो, "भिर्रर्रर्र!"

झालं! म्हातारी पाखरी एका क्षणात तरणी झाली. आप्पांच्या हातातला दोर हिसकला आणि घोडी माळावरनं नाकासमोर सुटली, श्रुती तिच्या मानेला मिठी मारून. मागं सत्तरीचे आप्पा धावताहेत, त्यांच्यामागं मी बोंबलत. घाटाएवढं अंतर पळून पाखरी शर्यत संपल्यासारखी आपली आपणच थांबली. श्रुती उतरली. लागलं काही नव्हतं, पण ती थेट गाडीत जाऊन बसली. आप्पांनी माझ्याकडं पाठ फिरवली आणि पाखरीचा दोर धरला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी खोलीचं दार बंद. "जायचं ना?" "चालेल." "की नको?" "चालेल." दहा रविवारांचं मी एका आरोळीत मातेरं केलं होतं.

मंगळवारी दुपारी दारात आप्पा! तळेगाव ढमढेऱ्यापर्यंत जीप आणि पुढं दोन एसट्या बदलून आलेले, अंगभर धूळ. मला बाजूला सारलं आणि श्रुतीच्या बंद दारापुढं फतकल मारून बसले.

"बाय, रागाव. मला रागाव, ह्या येड्या बापाला रागाव. पर पाखरी दोन दिस झालं वैरणीला तोंड लावंना. तू भायेर येईस्तवर मी हितनं उठत न्हाई. एसटी गेली तर जाऊ दे."

तास गेला. दीड तास गेला. बायकोनं ठेवलेला चहा तसाच निवला. मी म्हटलं, "आप्पा, खुर्चीवर तरी बसा." त्यांनी हातानंच मला गप्प केलं. आणि मग आतून आवाज आला, "आप्पा, तुम्ही जेवलात का?"

आप्पा दाराजवळ सरकले.

"घरची मालकीण वारल्यापास्नं," ते त्या दारालाच म्हणाले, "ह्ये कुणी इचारलंच न्हाई बघ, पोरी." आणि टोपी काढून तिच्यात तोंड लपवलं.

दार उघडलं. श्रुती कुणाकडं न बघता स्वयंपाकघरात गेली. भाकरी, पिठलं, फोडलेला कांदा, असं ताट आणून त्यांच्यापुढं ठेवलं. आप्पा खाली मान घालून जेवले. ती समोर बसून वाढत राहिली. त्यांनी नको म्हटलं तरी अर्धी भाकरी आणखी वाढली.

"चला, आता पाखरीचं बघू," म्हणत तिनं चपला घातल्या. "आई, आज मुक्काम बाईंकडं करीन."

मी लगबगीनं गाडीची किल्ली काढली.

"पप्पा, तुम्ही घरीच थांबा. तुमच्या तोंडाचा भरवसा नाही."

इतक्या महिन्यांत पोरीनं पहिल्यांदाच मला दटावलं होतं. मी निमूट थांबलो. दोघं बोलत बोलत एसटीला गेली आणि मी दारात उभा राहून पोटभर रडलो. सांगायला लाज कसली?